प्रवास विमा घ्यायचा की खर्च स्वतः सोसायचा? निर्णयाचा हिशोब, पायरीपायरीने

तिकिटाचे पैसे भरायच्या अगदी आधी स्क्रीनवर एक चौकट येते: विमा हवा की नको. तोवर तारखा जुळवून आणि भाडी ताडून डोकं शिणलेलं असतं. कुणी 'असू दे, थोडक्याचा तर प्रश्न आहे' म्हणून खूण करतं, कुणी 'आजवर काय झालंय' म्हणून पुढे सरकतं. हिशोब दोघांनीही केलेला नसतो. तो करायला एक संध्याकाळ लागते, आणि एकदा नीट केला की पुढच्या प्रत्येक प्रवासाला दहा मिनिटांत उरकतो.

माझं मत आधीच सांगते. 'प्रवास विमा घ्यावा का?' या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण त्या एका नावाखाली चार-पाच निरनिराळे विमे एकत्र बांधून विकले जातात. त्यातल्या बहुतेकांची जोखीम आपण आरामात स्वतः उचलू शकतो. एकाची मात्र सहसा उचलू नये. कुठला तो एक, हे कळलं की निम्मं काम झालं.

पहिली पायरी: पॉलिसीची गाठ सोडवा

कुठलीही पॉलिसी उघडा आणि कागदावर तिचे भाग वेगळे लिहा. परक्या ठिकाणी आजारपण किंवा अपघात झाला तर उपचारांचा खर्च. तिथून मोठ्या रुग्णालयात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च, मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्यासह. प्रवास रद्द झाला किंवा अर्ध्यावर सोडावा लागला तर बुडालेले पैसे. सामान हरवणं किंवा उशिरा मिळणं. विमानाला उशीर, चुकलेलं पुढचं विमान, हरवलेला पासपोर्ट. आणि बऱ्याचदा दुर्लक्षित राहणारा एक भाग: आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर द्यावी लागणारी भरपाई.

आता प्रत्येकापुढे एकच आकडा लिहा: सगळ्यात वाईट घडलं तर किती पैसे जातील? शक्यता किती, हा विचार नंतर. बॅगेपुढचा आकडा तुम्ही लगेच लिहाल. आत काय भरलं होतं ते आठवलं की झालं. रद्द होण्यापुढचाही लिहाल. परत न मिळणाऱ्या पैशांची बेरीज. उपचारांच्या रकान्यात मात्र पेन थांबतं. त्या आकड्याला वरची मर्यादाच नसते. अतिदक्षता विभागातले दोन आठवडे, एखादी शस्त्रक्रिया, मग डॉक्टर सोबत देऊन विमानाने परत आणणं, हे मिळून किती होईल हे आधी कुणीच सांगू शकत नाही. पुढचा सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे.

दुसरी पायरी: एका व्यापाऱ्याचं गणित

विमा कंपनी हप्त्यातूनच कार्यालयाचा खर्च, विक्रेत्याचं कमिशन आणि नफा काढते. त्यामुळे सगळ्या ग्राहकांचा मिळून विचार केला तर जेवढे हप्ते भरले जातात त्याहून कमी पैसे दाव्यांतून परत येतात. सरासरीत ग्राहक तोट्यातच असतो. तरीही विमा घेणं कधी शहाणपणाचं ठरतं?

१७३८ साली स्विस गणिती डॅनियल बर्नुली यांनी नेमका हा प्रश्न मांडला होता. सेंट पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅमला माल घेतला आहे. तो पीटर्सबर्गला पोचला तर त्याचे १०,००० रूबल होतील. त्या मोसमात १०० जहाजांपैकी ५ बुडतात. विमा ८०० रूबलपेक्षा कमी किमतीला मिळत नाही. सरासरी नुकसान फक्त ५०० रूबल, म्हणजे विमा महागच आहे. बर्नुलींचं उत्तर असं: या मालाशिवाय त्या व्यापाऱ्याकडे निदान ५,०४३ रूबल असतील तर त्याने विमा घेऊ नये, त्याहून कमी असतील तर हा महाग विमाही घ्यावा.

म्हणजे तोच माल, तेच जहाज, तोच हप्ता असूनही उत्तर माणसागणिक बदललं. ते ठरलं नुकसान झाल्यावर गाठीला काय उरतं यावरून. म्हणून मित्राने विमा घेतला का, सहप्रवाशाने टाळला का, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचं ते स्वतःला: हा आकडा माझ्या खात्यातून उद्या गेला तर माझं आयुष्य बदलेल का? बॅग गेली तर चिडचिड होईल, पुढच्या महिन्यात विसरायला होईल. तिथे विमा नको. घर गहाण टाकावं लागेल, मुलांच्या शिक्षणाचे पैसे मोडावे लागतील, तिथे हप्ता महाग वाटला तरी भरावा.

तिसरी पायरी: आधीपासून काय मिळतंय ते पाहा

एकाच जोखमीचे पैसे आपण दोनदा भरतो ते इथे. नोकरीच्या ठिकाणचा आरोग्य विमा परदेशात चालतो का, हे पॉलिसीच्या कागदात पाहा. 'चालत असेल' यावर विसंबू नका. ज्या क्रेडिट कार्डाने तिकीट काढता त्याच्यासोबत प्रवासाचं काही संरक्षण येतं का, आणि ते मिळण्यासाठी पूर्ण भाडं त्याच कार्डाने भरायला हवं का, हे बँकेकडून लेखी मागा. युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना मिळणारं युरोपीय आरोग्य विमा कार्ड दुसऱ्या सदस्य देशात तिथल्याच नागरिकांच्या अटींवर सरकारी उपचार मिळवून देतं. पण खासगी रुग्णालयाचा आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही. अशा फटी प्रत्येक संरक्षणात असतात. त्या कागदावर नोंदवून ठेवा, कारण विकत घ्यायचं झालं तर त्या बुजवण्यापुरतंच घ्यायचं आहे.

विमान कंपनीवर कायद्याने काय बंधनं आहेत, हे तर बहुतेक प्रवाशांना माहीतच नसतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना बहुतांश ठिकाणी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार सामान हरवणं, मोडणं किंवा उशिरा येणं याबद्दल विमान कंपनी जबाबदार असते. मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती लागू झाली. त्याआधी १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे आणि त्याचा दर रोज जाहीर होतो. ही कमाल मर्यादा आहे, आपोआप हातात पडणारी रक्कम नाही. नुकसान दाखवावं लागतं. बॅगेत खरोखर मौल्यवान काही न्यावंच लागत असेल तर चेक-इनच्या वेळी त्याचं मूल्य लेखी जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय याच करारात आहे. काउंटरवर हे आपण होऊन कुणी सांगत नाही. विचारावं लागतं.

उशिराचंही तसंच. युरोपीय संघाच्या २००४ मधल्या २६१ क्रमांकाच्या नियमाखाली, विमान कंपनीच्या कारणाने उड्डाण ऐनवेळी रद्द झालं किंवा मुक्कामी पोचायला तीन तास किंवा अधिक उशीर झाला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. कारण असाधारण असेल, जसं वादळ किंवा बंद पडलेलं हवाई क्षेत्र, तर ही रक्कम मिळत नाही. पण अडकून पडलेल्यांच्या जेवणाखाण्याची आणि मुक्कामाची जबाबदारी कंपनीवर तेव्हाही राहते. तुमच्या मार्गाला कुठला नियम लागतो ते निघण्याआधी शोधून ठेवा.

चौथी पायरी: लहान जोखमी स्वतःकडे घ्या

सामान, उशीर, चुकलेली जोडणी. यांचा विमा मी घेत नाही, आणि मिळालाच तर त्याकडे बघून पॉलिसी निवडत नाही. या भागात मोठी दिसणारी रक्कम आतल्या अटींनी पोखरलेली असते. एका वस्तूमागे वेगळी मर्यादा, जुन्या वस्तूला घसारा, कॅमेरा आणि दागिने वगळलेले, पहिल्या काही तासांचा उशीर मोजायचाच नाही, आणि वर प्रत्येक दाव्यातून ठरावीक वजावट. इतकं करून जे हाती येतं ते बऱ्याचदा धावपळीच्या मोलाचं नसतं.

त्याऐवजी बॅग अशी भरा की ती गेली तरी प्रवास थांबू नये. औषधं, कागदपत्रं, चार्जर आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढा.

पाचवी पायरी: रद्द होण्याचा आकडा विमा न घेता खाली आणा

इथे हिशोब सरळ आहे. परत न मिळणाऱ्या पैशांची बेरीज करा. पूर्ण प्रवासाची किंमत धरू नका. तिकीट, मुक्काम, सहलीची आगाऊ रक्कम यांतून जे खरोखर बुडेल तेवढंच. पुष्कळांची ही बेरीज वाटते त्याहून लहान निघते, कारण मुक्कामाचं आरक्षण थोडे जास्त पैसे देऊन रद्द करण्याजोगं घेता येतं. तो जास्तीचा खर्च हाही एक विमाच आहे, आणि त्यात कारण सिद्ध करायला लागत नाही.

विम्यात लागतं. साध्या पॉलिसीत रद्द करण्याची कारणं मोजून दिलेली असतात: स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, मृत्यू, न्यायालयाचं बोलावणं, अशी. 'तिकडची परिस्थिती बघून भीती वाटली', 'रजा मिळाली नाही', 'मन उडालं' ही कारणं त्यात नसतात. कोणत्याही कारणाने रद्द करू देणारी वेगळी सोय काही बाजारांत मिळते. पण ती महाग असते, पूर्ण रक्कम सहसा परत देत नाही, आणि पहिले पैसे भरल्यापासून ठरावीक दिवसांतच घ्यावी लागते.

तरीही काही प्रवास असे असतात की आकडा खाली येतच नाही. वर्षभर आधी भरलेली क्रूझ, आयुष्यात एकदाच होणारी लांबची मोहीम, पाच-सहा जणांचं कुटुंब. कुटुंबाचा धोका वेगळा लक्षात घ्या: एक जण आजारी पडला की सगळ्यांची तिकिटं एकदम बुडतात. घरात वयस्कर माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर ही शक्यता कागदावरची राहत नाही. अशा वेळी हा भाग विकत घ्यावा. मात्र त्या वृद्धाच्या जुन्या दुखण्यामुळे रद्द झालेला प्रवास धरला जातो का, हे आधी लेखी विचारावं.

सहावी पायरी: उपचार आणि परत आणण्याचा खर्च

आईला घेऊन केलेल्या एका प्रवासात चौथ्या रात्री ती न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका वेळेत आली, डॉक्टर उत्तम होते. पण दाखल करून घेण्याच्या खिडकीशी बसलेल्या बाईंनी शांतपणे अनामत रकमेचा कागद पुढे सरकवला. माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं. खात्यात पैसे होते; दिवसाच्या खर्चाची मर्यादा संपली होती. रात्रीचे दोन वाजलेले, बँकेच्या मदतवाहिनीवर संगीत वाजत होतं आणि आतून आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

त्या रात्री मला विम्याचा उपयोग खऱ्या अर्थाने कळला. पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन लावला. त्यांनी पॉलिसी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, रुग्णालयाचा ईमेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव विचारलं. पहाटे हमीपत्र रुग्णालयाच्या ईमेलवर आलं आणि खिडकीतल्या बाईंनी अनामतीचा कागद परत घेतला. शस्त्रक्रियेनंतर खरा प्रश्न परतीचा होता. पाय सरळ ठेवून झोपूनच प्रवास करायचा होता. त्यासाठी साध्या विमानात स्ट्रेचर लावावा लागतो, तो कित्येक आसनांची जागा घेतो, विमान कंपनी वैद्यकीय फॉर्म भरून घेते आणि सोबत वैद्यकीय माणूस मागते. ही सगळी जुळवाजुळव कुणी तरी अनुभवी माणूस फोनवर करत होता. मी एकटी ती करू शकले नसते, कितीही पैसे असते तरी.

म्हणून हा भाग मी सोडत नाही. यात पैशाबरोबर माणसं विकत घेतलेली असतात: कुठलं रुग्णालय चांगलं, रुग्ण हलवण्याजोगा आहे का, विमान कुठून मिळेल हे जाणणारी.

तो टाळता येईल असे लोक कमी आहेत. स्वतःच्याच देशात फिरणारे आणि नेहमीचा आरोग्य विमा सगळीकडे चालणारे. परदेशातले उपचार आणि परत आणणं दोन्ही स्पष्ट शब्दांत आधीच मिळालेले. आणि ज्यांची हाताशी असलेली रोकड खरोखर तेवढी मोठी आहे ते. या तिन्हींत नसाल, तर खिशातून सोसण्याचा विचार इथे थांबवा.

किती रकमेचा घ्यावा? शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत चालावं लागतं. पुष्कळ लोक तेवढंच घेऊन समाधान मानतात. ती व्हिसा देण्यासाठी आखलेली किमान रेषा आहे. तुमच्या गरजेचं माप तिच्यात नाही. अमेरिकेसारख्या महागड्या उपचारांच्या देशात जाताना किंवा रस्त्यांपासून दूर डोंगरात जाताना रक्कम बरीच मोठी ठेवा. हप्ता त्या प्रमाणात वाढत नाही, कारण मोठी रक्कम लागण्याची वेळ क्वचितच येते. हप्ता कमी करायचाच असेल तर वजावटीची रक्कम मोठी घ्या. पहिला छोटा खर्च तुमचा, त्यावरचा सगळा कंपनीचा. स्वतः सोसणं आणि विमा घेणं यांची ही सगळ्यात चांगली सांगड आहे.

सातवी पायरी: वगळलेल्या बाबींचं पान आधी वाचा

जाहिरातीचं पत्रक बाजूला ठेवा आणि पॉलिसीचा मूळ मजकूर उतरवून घ्या. सुरुवात वगळलेल्या बाबींपासून करा.

पूर्वीचे आजार हा सगळ्यात नाजूक भाग. रक्तदाबाची एक गोळी चालू असेल तरी ती सांगा. 'क्षुल्लक आहे' म्हणून लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी डॉक्टरांच्या जुन्या कागदांतून वर येते आणि पूर्ण दावा नाकारला जाऊ शकतो. मग उंचीची मर्यादा: गिर्यारोहणात ठरावीक मीटरच्या वर गेलात की कव्हर संपतं असं कलम पुष्कळ पॉलिसींत असतं, आणि ती उंची प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. पाण्याखालच्या डुबकीला खोलीची मर्यादा असते. भाड्याची दुचाकी चालवताना त्या देशात चालणारा परवाना नसेल किंवा दारू घेतलेली असेल, तर अपघाताचा दावा अडतो. फिरायला गेलेले लोक सगळ्यात जास्त बेफिकीर नेमके इथे असतात, म्हणून जोर देऊन सांगते.

'आधीच ज्ञात घटना' हे दुसरं कलम. वादळाला नाव पडलं, संप जाहीर झाला, ज्वालामुखी धुमसू लागला, की त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या घटनेसाठी सहसा उपयोगाची नसते. आणि शब्द किती महत्त्वाचे असतात ते एप्रिल २०१० मध्ये दिसलं. आइसलंडच्या एय्याफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातलं बरंचसं हवाई क्षेत्र सुमारे सहा दिवस बंद होतं. अनेकांच्या पॉलिसीत 'खराब हवामान' लिहिलेलं होतं, आणि राख म्हणजे हवामान का, यावर वाद झाले. तुम्हाला ज्या गोष्टीची भीती वाटते तिचं नाव पॉलिसीत शोधा. सापडलं नाही तर ती नाही असंच समजा.

शिवाय एका प्रवासाचे कमाल दिवस, वयानुसार उपचारांच्या उपमर्यादा, आणि रुग्णालयात असतानाच मुदत संपली तर ती आपोआप वाढते का, हेही पाहून घ्या.

आठवी पायरी: स्वतः सोसायचं ठरवलं तर तशी तयारी ठेवा

विमा न घेणं आणि जोखीम स्वतः उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत पैसे बाजूला काढलेले असतात. वेगळं खातं ठेवा. ज्या ज्या भागाचा विमा टाळला त्याचा हप्ता प्रत्येक प्रवासाला तिथे टाका. काही वर्षांत बॅगा, चुकलेली विमानं आणि एखादी रद्द झालेली सहल त्यातूनच भागते.

हे पैसे परक्या शहरात, रात्री, सुट्टीच्या दिवशी काढता यायला हवेत. मुदत ठेवीत किंवा घरात अडकलेली संपत्ती या कामाची नाही. दोन वेगळ्या बँकांची कार्डं घ्या, ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि निघण्याआधी दोन्हींची परदेशातली खर्चमर्यादा वाढवून घ्या. माझी त्या रात्रीची अडचण यातच होती.

नववी पायरी: नुकसान झालंच तर

दवाखान्यात दाखल होण्याआधी, किंवा ते शक्य नसेल तर लवकरात लवकर, मदत क्रमांकावर कळवा. परस्पर ठरवलेलं रुग्णालय किंवा स्वतः बोलावलेलं हेलिकॉप्टर यांचे पैसे मिळवणं फार जड जातं. प्रत्येक फोनची वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

सामानाचं प्रकरण असेल तर विमानतळातून बाहेर पडण्याआधी सामान कक्षाच्या खिडकीवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. माँट्रियल कराराखाली मोडलेल्या बॅगेची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. बॅग २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. न्यायालयात जायचं तर मुदत दोन वर्षांची. चोरी असेल तर पोलिसांचा कागद, आजारपण असेल तर डिस्चार्जचा सारांश, मूळ बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या. मायदेशी परतल्यावर हे कागद मागवत बसण्यात महिने जातात, म्हणून तिथूनच घेऊन निघा.

पॉलिसी कधी घ्यायची? रद्द होण्याचा भाग हवा असेल तर पहिले न परतणारे पैसे भराल त्याच दिवशी, कारण तो भाग तेव्हापासूनच तुम्हाला राखतो. फक्त उपचारांचा हवा असेल तर निघण्याआधी घेतला तरी चालतो. घेतल्यावर मदत क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक एका चिठ्ठीवर लिहा, एक प्रत पासपोर्टात आणि एक सोबतच्या माणसाकडे द्या. फोनमध्ये असतोच, पण फोन उघडायचा संकेत फक्त तुम्हाला ठाऊक असतो, आणि तो फोन लावायची वेळ बहुधा दुसऱ्यावर येते.